ज्येष्ठांची मोटारसायकल : काढून घेण्याआधी बेतून घ्या

साठी ओलांडलेल्या माणसाचा मोटारसायकलचा अपघात म्हटला, की घरच्यांच्या डोळ्यांसमोर घाटातले अवघड वळण आणि समोरून आलेला ट्रक उभा राहतो. तसे अपघात होतात, हे खरेच. परंतु मोलगीसारख्या डोंगरी गावात रुग्ण तपासताना मला वारंवार दिसणारी दुखापत निराळी असते. कोणाचे मनगट मोडलेले असते, कोणाचा घोटा सुजलेला असतो, कोणी खुब्यावर आपटल्यामुळे दोघांच्या आधाराने आत येतो. विचारले, की उत्तर ठरलेले असते : ‘गाडी चालू नव्हतीच, डॉक्टर. थांबलो होतो. पाय टेकायला गेलो आणि कलंडलो.’ रस्ता मोकळा होता, वेग नव्हता. पाऊल आणि जमीन यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरचे अंतर मात्र उरले होते.

अशी एक घटना घडली, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, ‘मी चाळीस वर्षे गाडी चालवतो आहे.’ मुले म्हणतात, ‘आता किल्ली आमच्याकडे द्या.’ शहरात किल्ली गेली तरी रिक्षा असते, बस असते. सातपुड्याच्या या भागात तसे नाही. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीपर्यंत एसटी येते. पण मोलगीच्या भोवती डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांपर्यंत ती जात नाही. प्रवासी जीप भरली तर निघते. जेथे रस्ताच नाही, तेथून रुग्णाला आजही बांबूच्या झोळीत घालून खाली आणावे लागते. अशा ठिकाणी मोटारसायकल गेली, म्हणजे बाजार, बँकेतले निवृत्तिवेतन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातेवाइकांच्या घरची ये-जा हे सारेच दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर पुढच्या वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत पाचांत एक किंवा त्याहून अधिक आढळले आहे. म्हणजे हट्ट दोन्हीकडचा महाग पडू शकतो.

या दोहोंमध्ये एक तिसरा मार्ग आहे. शिंपी जसा अंगाचे माप घेऊन कपडा बेततो, तशी गाडी त्या माणसाच्या आजच्या शरीराला बेतून घेणे. मात्र त्याला एक क्रम आहे. आधी शरीर तपासावे, मग सीट, मग स्प्रिंग. गाडीच्या सांगाड्याला तर हात लावूच नये. हा क्रम उलटला, की सोय करायला गेलेले कुटुंब नवाच धोका विकत घेते.

थांबलेली गाडी का पडते?

आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या १०० सीसी मोटारसायकलींचे वजन ११० ते १२० किलोच्या आसपास असते. हीरो स्प्लेंडर प्लस ही सुमारे ११२ किलोची आहे. गाडी अगदी सरळ उभी असली, तर एका हाताने तोलता येते, कारण तिचा सारा भार चाकांवरून थेट जमिनीत जातो. ती दहा अंश कलली, की हँडलपाशी सुमारे दहा किलोचा जोर लावावा लागतो. तीस अंश कलली, की हाच जोर पंचवीस-तीस किलोंवर जातो, आणि त्यात वर बसलेल्या माणसाचे वजन निराळे. याचा अर्थ असा, की गाडी वाचवण्याची संधी पहिल्या काही अंशांतच असते. पाऊल ताबडतोब टेकले तर काम सोपे. पाऊल जमीन शोधत राहिले, तर तेवढ्यात गाडी हाताबाहेर जाते.

सपाट अंगणात पाय टेकतात, म्हणून निर्धास्त राहू नये. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून रस्ता कडेकडे उतरता केलेला असतो आणि घाटात तर तो एका अंगाला कललेलाच असतो. शरीरापासून तीस सेंटिमीटर बाहेर टाकलेल्या पावलाला केवळ पाच अंशांच्या उतारावर जमीन सुमारे अडीच सेंटिमीटर खाली सापडते. त्यात खडी, पावसाळ्यातले शेवाळ किंवा साइडपट्टीची खाच असली, की अंतर आणखी वाढते. अंगणात चवड्यांवर कसाबसा टेकणारा पाय देवगोईच्या वळणावर हवेतच राहतो.

पाय पोहोचत नाहीत, कारण पाय तेच राहिलेले नाहीत

पुष्कळ ज्येष्ठ सांगतात, ‘वीस वर्षे हीच गाडी आहे, तेव्हा पाय टेकत होते.’ ते खोटे बोलत नाहीत. चाळिशीनंतर साधारणपणे दर दहा वर्षांनी माणसाची उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी होते आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. उंची मुख्यतः पाठीच्या कण्यात कमी होते; पायांची हाडे तेवढीच राहतात. मग पाय पोहोचेनासे का होतात? कण्याला बाक आला की कटिभाग मागे झुकतो आणि माणूस सीटवर मागे सरकून, जेथे सीट रुंद आहे तेथे बसतो. खुब्याचा सांधा आखडला की मांड्या पुरेशा फाकत नाहीत. गुडघा पूर्ण सरळ होत नाही. घोट्याची लवचिकता उणावते. या प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे अंतर गमावले जाते आणि त्याची बेरीज पावलापाशी दिसते.

म्हणून गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी दवाखान्यात यावे. पुढील गोष्टी तपासून घेणे मी आवश्यक मानतो.

उंची : तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, तर कण्यातील एखादा मणका नकळत चेपला असण्याची शक्यता असते. अशा माणसाची हाडे ठिसूळ असू शकतात, आणि थांबलेल्या गाडीवरून पडणेही त्याला पुरेसे असते. त्याच्या बाबतीत सीटआधी हाडांचा उपचार महत्त्वाचा.

खुबा : टांग टाकताना जांघेत कळ येते का? नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो झिजू शकतो, आणि तेही ऐन तारुण्यात किंवा मध्यमवयात. त्यामुळे ‘वयामुळे दुखते’ असे समजून सोडून देऊ नये. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते.

पायाची जाणीव : दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळव्याची संवेदना मंदावते. पाऊल जमिनीला लागले, की गोट्यावर ठेवले गेले, हेच वेळेवर कळत नाही. अशांना सीट कितीही खाली आणली तरी ती अर्धीच मदत ठरते.

तोल : आधाराच्या जवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का, हे पाहावे. टांग टाकणे म्हणजे दुसरे काय? एका पायावर उभे राहून दुसरा पाय उंच फिरवणे. हे जमत नसेल, तर अडचण सीटच्या उंचीपुरती नाही.

औषधे : प्रोस्टेटसाठी व रक्तदाबासाठी दिली जाणारी काही औषधे उठताना चक्कर आणतात. झोपेच्या गोळ्यांचा आणि सर्दीच्या काही गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत टिकतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी गाडी काढणे म्हणजे साखर घसरण्याला आमंत्रण. गाडी चालवता, हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषध बदलता येते किंवा घेण्याची वेळ बदलता येते.

यातील बऱ्याच उणिवा व्यायामाने भरून निघतात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, भिंतीच्या आधाराने पाय बाजूला उचलणे, हे तीन व्यायाम रोज केले, तर दोन-तीन महिन्यांत टांग टाकणे सुलभ झाल्याचे बहुतेकांना जाणवते. गुडघा किंवा खुबा फार दुखत असेल, तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत.

माप कसे घ्यावे?

अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. एक जाड पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये आडवे धरून जांघेपर्यंत वर सरकवावे आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे खरे माप. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसात ते साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटर येते.

आता गाडीकडे पाहू. कंपन्यांनी दिलेल्या माहितीनुसार स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, होंडा शाइन १२५ ची ७९१, एचएफ डीलक्सची ८०५, प्लॅटिनाची ८०७ आणि बुलेट ३५० ची ८०५ मिलिमीटर आहे. (मॉडेलनुसार आकडे थोडे बदलतात.) माणूस बसला की स्प्रिंग दबतात आणि ही उंची दोन-तीन सेंटिमीटरने आपोआप कमी होते. गंमत अशी, की ज्याला या सवलतीची सर्वांत जास्त गरज, त्या पंचेचाळीस-पन्नास किलोच्या बुटक्या, कृश माणसाला ती सर्वांत कमी मिळते, कारण त्याच्या वजनाने स्प्रिंग फारशी दबतच नाही. शिवाय सीटच्या रुंदीमुळे मांड्या फाकतात आणि पाय सरळ खाली न जाता तिरका जातो. म्हणून कागदावरच्या आकड्यावर विसंबू नये. नेहमीच्या चपला-बुटांसह, हेल्मेट घालून, प्रत्यक्ष बसून पाहावे. दोघांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरावी. दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकले आणि किंचित एका अंगाला सरकल्यावर डाव्या पायाची टाचही टेकली, तर ज्येष्ठासाठी उंची योग्य. नुसती बोटे टेकत असतील, तर बदल हवा.

सीट उतरवण्याचे मार्ग, सोप्यापासून अवघडापर्यंत

पादत्राण : सर्वांत स्वस्त सेंटिमीटर पायातच असतो. स्लीपर किंवा सपाट चपलेऐवजी घोटा झाकणारा, न घसरणाऱ्या आणि कणखर तळव्याचा बूट घातला, तर एक-दोन सेंटिमीटर मिळतात आणि घोटाही सुरक्षित राहतो. तळवा एवढा जाड नसावा, की गिअर आणि ब्रेक पायाला जाणवणारच नाहीत.

मागच्या शॉकअपची स्प्रिंग : बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपवर खाचा असलेली कडी असते. ती फिरवून स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. एकटाच आणि हलका माणूस गाडी चालवणार असेल, तर ती सर्वांत मऊ खाचेवर आणावी. दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्याच हव्यात. यात काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर मिळतो आणि पैसे लागत नाहीत. मात्र मागे कोणी बसणार असेल किंवा बियाण्याचे पोते न्यायचे असेल, तर ती पुन्हा वर घ्यावी. नाहीतर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका थेट कण्याला बसतो. ठिसूळ हाडांच्या माणसाला तो परवडणारा नाही.

सीटचा फोम : सर्वाधिक उपयोगाचा आणि सर्वाधिक बिघडवला जाणारा उपाय हाच. सीटची कव्हरे शिवणारा कारागीर फोम कापून दोन-तीन सेंटिमीटर कमी करून देतो. येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली : जाडी कमी करण्यापेक्षा पुढच्या भागाची रुंदी कमी करण्यावर भर द्यावा. टाकीजवळ, जेथून मांड्या खाली जातात, तेथील दोन्ही कडा उतरत्या केल्या, की पाय सरळ खाली जातात आणि बैठकीचा मऊपणाही टिकतो. दुसरी : जाडी कमी केली, की सीट आणि पायदान यांतील अंतर घटते, गुडघा अधिक दुमडतो आणि गुडघेदुखी असलेल्यास अर्ध्या तासात कळा सुरू होतात. रुंदी कमी केल्याने तसे होत नाही. तिसरी : फोम पातळ केला तर उरलेला थर जास्त घनतेचा असावा, अन्यथा माकडहाड थेट खालच्या पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकवर येते. शक्य असल्यास जुन्या बाजारातून त्याच गाडीची दुसरी सीट घेऊन ती कापावी. मूळ सीट तशीच राहिली, तर घरातील उंच माणसालाही गाडी वापरता येते आणि काम बिघडले तरी मागे फिरता येते.

आखूड शॉकअप : येथून पुढे सावधगिरी हवी. मागचे शॉकअप बदलून आखूड बसवले, की गाडी खाली येते, पण तिचे सारे शरीर बदलते. फक्त मागचा भाग उतरला तर हँडलचा काटा अधिक तिरपा होतो आणि गाडी वळायला जड जाते. जमिनीपासूनची मोकळी उंची कमी होते. स्प्लेंडरची ती मुळातच १६५ मिलिमीटर आहे. पाड्याच्या वाटेवरचे दगड ती अडवतात. दोघे बसल्यावर मागचे टायर मडगार्डला घासू शकते. वळणावर पायदान रस्त्याला लागू शकते. हेडलाइटचा झोत वर जातो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला जवळचा रस्ता दिसत नाही. साखळीचा ताण पुन्हा पाहावा लागतो. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे साइड स्टँड. गाडी उतरली तरी स्टँड तेवढाच लांब राहतो. त्यामुळे गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळकीनेही दुसऱ्या अंगाला पडते. अशा गाडीजवळून जाणारे नातवंड सापडले, तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून हा उपाय कंपनीच्या अधिकृत केंद्रात, त्याच गाडीसाठी असलेल्या सुट्या भागांनी करता येत असेल, तरच विचारात घ्यावा.

शॉकअपच्या कांबी कापणे, स्प्रिंगचे वेढे कापणे, सांगाड्याला वेल्डिंग करणे, लहान चाक बसवणे, हे प्रकार कोणी सुचवले, तर तेथून गाडी घेऊन घरी यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपत्रात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. फोमची शिवण त्या प्रकारात मोडत नाही, पण सांगाड्यातील बदल मोडू शकतो, आणि अपघातानंतर विमा मागताना तोच अडसर ठरू शकतो. शारीरिक अपंगत्वामुळे बाजूची चाके बसवायची असतील, तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी.

उतरवूनही भागत नसेल तर

येथे वाहन बदलण्याचा विचार कमीपणाचा मानू नये. सीटच्या आकड्यापेक्षाही टांग टाकावी लागते की नाही, हे ज्येष्ठासाठी अधिक निर्णायक असते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना आणली, ती शिक्षकांपासून गृहिणींपर्यंत साऱ्यांना आपलीशी वाटली, याचे एक कारण हेच होते : पुढच्या मोकळ्या जागेतून पाय काढता येत असे आणि गाडी हलकी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची विजेवर चालणारी आवृत्ती आली. तिच्या सीटची उंची ७६० मिलिमीटर आहे. टीव्हीएस एक्सएल १०० च्या सीटची उंची ७८७ मिलिमीटर, म्हणजे स्प्लेंडरइतकीच. परंतु पाय पुढून काढता येतो आणि वजन कमी, त्यामुळे गुडघा-खुबा आखडलेल्यांना ती मोटारसायकलपेक्षा सोपी जाते. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरची सीट ७६५ मिलिमीटरच्या आसपास असते.

पण डोंगरात स्कूटरचे दोन तोटे लक्षात ठेवावेत. लहान चाक खड्ड्यात खोल जाते. आणि घाट उतरताना मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाने जसा वेग रोखता येतो, तसा स्कूटरमध्ये पुरेसा रोखता येत नाही. सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून मोलगीच्या बाजारपेठेपुरती स्कूटर उत्तम, पण घाटाने अक्कलकुव्याला जायचे असेल, तर जीप किंवा एसटीच बरी.

मागे बसणारे आजी-आजोबा

दवाखान्यात येणारे बहुसंख्य ज्येष्ठ गाडी चालवत नाहीत. ते मुलाच्या किंवा नातवाच्या मागे बसून येतात. उंचीचा प्रश्न त्यांनाही आहे, किंबहुना अधिक आहे, कारण मागची बैठक पुढच्यापेक्षा उंच असते आणि चढताना हातात हँडल नसते.

त्यांच्यासाठी घराच्या ओट्याचा, पायरीचा किंवा पक्क्या दगडाचा उपयोग करावा. गाडी ओट्याला लगटून उभी करावी. चालवणाऱ्याने आधी बसून दोन्ही पाय रोवावेत, पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि मगच ‘बसा’ म्हणावे. उतरताना क्रम उलटा : आधी मागचा उतरेल, मग पुढचा. साइड स्टँडवर उभ्या गाडीवर ज्येष्ठाला चढवू नये.

मागे पकडायला कडी, पाय ठेवायला पायदान आणि चाकावर जाळी असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२३ नुसार आवश्यक आहे. पुष्कळ गाड्यांची ही जाळी काढून टाकलेली असते. लुगड्याचा पदर किंवा धोतराचा सोगा चाकात गेला, तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे, तो ती पुन्हा बसवून घेईल. आजी एकाच बाजूला पाय सोडून बसत असतील, तर दोन्ही पावले टेकतील असे रुंद पायदान त्या बाजूस लावून घ्यावे. हेल्मेट मागच्यालाही हवेच. आणि अशक्त, गुंगीत असलेल्या किंवा ताप चढलेल्या रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून, कमरेला गमछा बांधून आणू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, किंवा रस्त्यापर्यंत आणून जीप थांबवावी.

किल्ली केव्हा ठेवावी?

चाळिशीनंतर वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि पंचावन्न वर्षांनंतर परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. स्वच्छ उजेडात २५ मीटरवरील वाहनाचा क्रमांक वाचता येतो का, ऐकू येते का, रंग ओळखता येतात का, हातापायांत काही व्यंग आहे का, असे प्रश्न त्यात असतात. सीटवर बसल्यावर पाय टेकतात का, हा प्रश्न त्यात नाही. तो घरच्यांनी विचारायचा आहे, आणि पाच वर्षांनी नव्हे, तर दर वर्षी.

सीट खाली आणल्याने नजर, प्रतिक्रियेची चपळता आणि निर्णयशक्ती परत येत नाहीत. पुढील खुणा दिसल्या, तर गाडी बेतण्याचा नव्हे, थांबवण्याचा विचार करावा : वर्षभरात थांबलेली गाडी दोनदा पडणे, गाडीच्या दोन्ही बाजूंना नवे ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, मागून आलेला हॉर्न ऐकू न येणे, मान वळवून मागे पाहता न येणे, संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणे. फिट आली असेल, शुद्ध हरपली असेल किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय गाडीला हात लावू नये. मोतीबिंदूच्या किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर केव्हा सुरू करावी, ते शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच विचारावे.

हे बोलणे अवघड असते. ‘तुम्हाला आता जमत नाही’ हे वाक्य ऐकून वडील गप्प होतात किंवा संतापतात. त्याऐवजी ‘बाबा, गाडी तुमच्या मापाची करू या, चला मोजू’ असे म्हटले, तर तेच टेप घेऊन पुढे येतात. मोजताना, बसून पाहताना, एका पायावर उभे राहताना त्यांचे त्यांनाच बरेचसे उमगते. पूर्ण बंदीऐवजी मर्यादाही आखता येतात : दिवसाउजेडीच, पाऊस नसताना, घाट सोडून, एकट्याने, आणि गर्दीच्या बाजारदिवशी नाही. स्वतः आखलेली मर्यादा माणूस पाळतो, लादलेली चुकवतो.

सीट उतरवल्यानंतरची तपासणी

• मोकळ्या मैदानात, कोणी सोबत असताना, पहिले काही दिवस केवळ थांबण्याचा आणि निघण्याचा सराव करावा.

• थांबताना वेग आधीच कमी करावा, उजवा पाय ब्रेकवर ठेवून डावा पाय टेकावा. जमीन जिकडे उंच, तिकडे पाय टेकेल अशी जागा निवडावी.

• चढावर गाडी उभी करताना तोंड चढाकडे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये असावी.

• साइड स्टँडवर गाडी पुरेशी कलते का, हे पाहावे. नसेल, तर अधिकृत केंद्रात स्टँड बदलून घ्यावा.

• रात्री भिंतीसमोर उभी करून हेडलाइटचा झोत तपासावा.

• बॅटरी चांगली ठेवावी, म्हणजे किक मारावी लागणार नाही. डबल स्टँडवर गाडी चढवण्याचे काम तरुणांवर सोपवावे.

• गाडी कलंडू लागली आणि पहिल्या क्षणी सावरली नाही, तर ती सोडून द्यावी आणि बाजूला व्हावे. गाडीचा आरसा बदलता येतो. खुब्याच्या हाडाचे तसे नसते.

हे वाचून झाल्यावर येत्या रविवारी घरातील ज्येष्ठांना अंगणात बोलवा, दोघांनी गाडी धरा आणि त्यांना तिच्यावर बसवून त्यांच्या टाचेखाली हात घालून पाहा. हाताची बोटे सहज आत जात असतील, तर एवढ्याच अंतराचे काम आहे. ते पुढच्या पावसाळ्याच्या आत करून घ्यावे.